बाबा, मी केस काढले नाहीत

प्रिय बाबा,

परवा मोठेबाबांचा निरोप आला. तुमच्या मोठ्या भावाचा निरोप म्हणजे हुकूमच, तुम्हाला काय सांगायचं! शालिकदादा न्हावी दारात उभा राहून म्हणाला, "मोठेबाबानं सांगतलं, बुधवारी तुह्या बाबाचं वर्षश्राद्ध हाय. दहाव्याले केस नाही काढले, आता तरी काढ म्हना." बोलताना त्याची नजर माझ्या डोक्यावरून हलत नव्हती. धंद्याची नजर! मी म्हटलं, दादा, बसा, चहा घ्या. "चहा घेतो बाप्पा, पन त्याईले उत्तर काय सांगू?"

उत्तर मी त्याला दिलं नाही. ते तुम्हाला द्यायचं आहे, म्हणून लिहायला बसलो. आधीच सांगून ठेवतो, माफी मागायला बसलेलो नाही. आणि तुम्हाला चालेल अशाच मराठीत लिहितोय, नाहीतर वर बसून सिनेमांसारखं माझ्या पत्राचंही परीक्षण लिहाल.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळीच आपलं फोनवर बोलणं झालं होतं. मी शूटिंगवर होतो. चहाच्या टपरीवाल्याची भूमिका होती, दोनच सीन. एक झाला होता, एक व्हायचा होता. तुम्ही विचारलंत, "हा टपरीवाला राहतो कुठे?" मी म्हटलं, बाबा, ते स्क्रिप्टमध्ये नाही. "स्क्रिप्टमध्ये नाही म्हणून तो रस्त्यावर झोपतो का? आधी त्याला घर दे, मग चहा उकळ." आणि फोन ठेवून दिलात. दुपारी ताईचा फोन आला. वाद अर्धा टाकून उठून जायची ही कुठली रीत, बाबा? मला अजून बोलायचं होतं!

अमडापूरला पोचलो तेव्हा लोकांनी आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. त्या टपरीवाल्यासाठी मी केस आणि दाढी वाढवली होती, खांद्यापर्यंत. गावाला माहीतच होतं की आता दहाव्याला हे सगळं जाणार. बाप गेला की मुलाचे केस जातात, त्यात विचारायचं काय?

पण मला फोन आला. दिग्दर्शकाच्या हाताखाली एक मुलगी होती, स्वभावाने भली. म्हणाली, "दादा, खूप वाईट वाटलं. पण केस काढणार असाल तर आत्ताच सांगा. दुसरा कलाकार बघू, आधीचा सीन परत घेऊ." मी विचारलं, टोप नाही का लावता येणार? ती हळूच म्हणाली, "दादा, टोप हीरोसाठी असतो."

खरं होतं तिचं. लहान भूमिकेतला माणूस बदलता येतो, हे या धंद्यातलं पहिलं सत्य तुम्हीच मला शिकवलंत. "हीरोला सर्दी झाली तर शूटिंग थांबतं. तुला सर्दी झाली तर तू थांबतोस," असं म्हणायचात. मग तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? दुसऱ्यांच्या मिशांवर एवढं लिहिलंत! नायकाची मिशी दाराबाहेर जाड आणि दारातून आत आल्यावर बारीक, असं लिहून त्या सिनेमाची तुम्ही पार धूळधाण केली होती. अख्खं चिखली हसलं होतं. पण आपल्या घरच्या डोक्याचं काय करायचं, त्यावर एक अक्षर नाही! एकदा तरी बोलायचं होतं ना, गजू, मी गेलो तर असं कर, नाहीतर असं करू नको. नाही बोललात. मग मीच ठरवलं.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली. शालिकदादानं फडकं अंथरलं, वस्तरा धुतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी बसणार नाही. मोठेबाबांना आधी ऐकूच आलं नाही. आलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

"बापापेक्षा शिनेमा मोठा झाला काय बे तुले?"

"मोठा-लहान नाही, मोठेबाबा. काम आहे. अर्धं राहिलंय."

"काम? चा देनं हे काम हाय? हिरो असता तर समजलो असतो!"

ऐकलंत? हीरो असतो तर चाललं असतं म्हणे! टपरीवाल्यानं मात्र केस काढावेत. मला तिथेच तुमची फार आठवण आली. कारण तुम्ही जन्मभर याच बोलण्याशी भांडलात.

पंचायत समितीत आवक-जावक सांभाळायचात, आणि शुक्रवारी चिखलीला नाहीतर खामगावला पिक्चर पाहून बुलढाण्याच्या त्या साप्ताहिकात परीक्षण लिहायचात. सुरुवातीला तुम्ही सगळ्यांसारखंच लिहायचात. आधी हीरो, मग हिरॉइन, गाणी, आणि शेवटच्या परिच्छेदात लहान लहान भूमिकांतली माणसं. आणि दर आठवड्याला बियाण्याची नाहीतर खताची जाहिरात आली की संपादक खालून कापायचे. हीरो राहायचा, माणसं जायची. मग तुम्ही परीक्षणच उलटं केलंत! दारात उभा असलेला नोकर पहिल्या ओळीत, भाजीवाली दुसऱ्या, आणि हीरो सगळ्यात खाली. पेरणीच्या दिवसांत जाहिराती वाढायच्या आणि तुमच्या परीक्षणातून हीरो गायब व्हायचा. लोक आईला विचारायचे, "काय हो वहिनी, पिच्चरात हिरो नव्हता काय?" संपादक चिडायचे, पण तुम्ही काही बदललं नाही. असा हट्टी माणूस माझा बाप, आणि मी बसावं होय त्या फडक्यावर?

पिंड ठेवले. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर चांगले रांगेत बसले होते, मान वाकडी करून खाली बघत होते. पण एक खाली उतरेल तर शपथ. मग सुरू झालं. ताई रडत म्हणाली, आईला अंतर देणार नाही. काकांनी हात जोडून सांगितलं, विहिरीच्या पाण्यावरून आता भांडण काढणार नाही. तुमच्या ऑफिसातले एक साहेब पुढे आले आणि म्हणाले, "पेन्शनची फाईल मी स्वतः बघतो, तुम्ही काळजी करू नका." बाबा, एवढ्या दुःखात मला हसू आलं! तुमची कोणती इच्छा राहिली, याचा सगळ्यांना एकाएकी शोध लागला होता. जिवंतपणी कोणी विचारलं नाही हो.

ऊन चढलं, कावळे बसल्या जागी. शेवटी मोठेबाबांनी माझा दंड धरला. "कावळा काऊन शिवत नाही ते साऱ्याईले दिसून राह्यलं. सांग त्याले. शिनेमा सोडतो म्हन, गावात राह्यतो म्हन. पाह्य मंग कसा शिवते."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. संवाद पाठ करून बोलणं हा तर माझा धंदा! बोलून मोकळा झालो असतो, सगळे घरी जेवायला गेले असते. पण तुमच्या पिंडासमोर उभं राहून मला ते खोटं बोलवेना. मी हात जोडले आणि ओरडलोच, "बाबा, मी सोडणार नाही. खायचं नसेल तर राहा उपाशी!"

महाराजांनी खाली मान घालून दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. परत येताना माझ्या बाजूनं कोणी चालत नव्हतं.

पुढे मी शूटिंगला गेलो. आणि गावात सुरू झालं की गज्याच्या केसापायी त्याचा बाप उपाशी फिरून राह्यला. काकांची मोटर जळली, तर तुम्ही. कोणाची म्हैस आटली, तर तुम्ही. एवढे उद्योग तुम्ही पंचायत समितीत असतानाही केले नव्हते!

गावाचं मला काही नाही. पण आई बोलेना. म्हणजे फोन उचलायची, हो-नाही म्हणायची. पण तिचं पहिलं वाक्य, "जेवला काय?", ते बंद झालं. सकाळी स्वतःच्या तोंडात घास घालायच्या आधी ती पत्र्यावर कावळ्याला भाकरीचा तुकडा ठेवते, असं ताईनं सांगितलं. मला वाटलं, आईलाही केसच लागले. ते मात्र मला फार लागलं, बाबा. मोठेबाबांना तोंड देता येतं. आईला काय उत्तर देणार?

आता सिनेमाचं ऐका. खरी गंमत पुढे आहे.

गेल्या रविवारी तो चिखलीच्या टॉकीजला लागला. गावातून जीप भरून निघाली. मोठेबाबा पुढे ड्रायव्हरजवळ, आई मधे, शालिकदादा मागे लटकलेला. एवढं काय केलं या पोट्ट्यानं ते एकदा पाहूच, असा सगळ्यांचा सूर. मीही होतो. कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतो. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी मी कोणालाच सांगितली नव्हती.

मी केस राखून परत गेलो ना, त्या दिवशी सेटवर दिग्दर्शक म्हणाले, "थंडीचा सीन आहे. टपरीवाल्याच्या डोक्याला मफलर गुंडाळा." गुंडाळला! कपाळापासून हनुवटीपर्यंत. माझी दाढी दिसेना, केस तर सोडाच. मी उभाच राहिलो. हसावं का रडावं, कळेना. तरी मनाशी म्हटलं, जाऊ दे, पहिल्या सीनमध्ये केस आहेत.

टॉकीजमध्ये कळलं की पहिला सीन कापलाय. तुमचा हीरो जाहिरातीत जायचा, तुमचा मुलगा एडिटिंगमध्ये गेला. फिट्टंफाट!

मफलरवाला पडद्यावर आला. हीरो थंडीत कुडकुडत टपरीवर येतो, चहा मागतो. टपरीवाला म्हणतो, "दूध संपलं." हीरो निघून जातो. बस्स. आणि अंधारातून मोठेबाबांचा आवाज आला, "अरे, केस कुठी हायेत बे याचे?"

अख्खं टॉकीज हसलं! ज्यांना आपली भानगड माहीत नव्हती तेही हसले. मी खुर्चीत रुतून बसलो.

बाहेर आल्यावर मोठेबाबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "याच्यासाठी? या मफलरसाठी बापाले केस नाही देल्ले तू?"

मी म्हटलं, "हो. याच्यासाठीच."

आणि तुम्हालाही तेच सांगतो, बाबा. हो, याच्यासाठीच. सीन मोठा निघाला असता, बक्षीस मिळालं असतं, पेपरात नाव आलं असतं, तर मी बरोबर आणि मफलर गुंडाळला म्हणून मी चूक, असं असतं का? सिनेमा चालेल की पडेल हे बघून मी ठरवलं नव्हतं. एक माणूस अर्धा उभा केला होता, तो पुरा करायचा होता. दुसऱ्या कोणी केला असता का? केला असता. कदाचित माझ्याहून बरा. पण टपरी माझी होती.

आणि त्याला घर दिलं मी, ऐकताय ना? तो मोताळ्याच्या आठवडी बाजारामागे राहतो, पत्र्याच्या खोलीत. लहान पोरगी आहे त्याला, तिला खोकला आहे. "दूध संपलं" म्हणताना मी डावा हात किटलीवर ठेवला होता. किटलीत दूध होतं, पोरीसाठी राखलेलं. दिग्दर्शकाला मी हे सांगितलं नाही, हीरोला तर नाहीच. मफलर गुंडाळा नाहीतर पोतं, हात तर माझा मोकळा होता! तुम्ही असतात तर काहीतरी खोट काढलीच असती. पहिल्या सिनेमात मी हवालदार होतो तेव्हा काढली होती. आठवतं? "हवालदार आपला पट्टा सारखा चाचपून बघतो. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला पट्टा आहे हेसुद्धा आठवत नाही." हे छापून! पोटच्या मुलाबद्दल! वर फोन करून विचारलंत, "अंक पोचला का?" मी आठवडाभर बोललो नव्हतो तुमच्याशी. पण त्यानंतर मी पट्ट्याला हात लावलेला नाही.

घरी आलो. आई तुरीच्या शेंगा सोलायला बसली. मी समोर बसलो, मीही सोलू लागलो. ती खाली बघतच म्हणाली, "किटलीवर हात काऊन ठेवला होता तू?"

मी सांगितलं. पोरीचं, खोकल्याचं, सगळं.

"हे त्याईचंच शिकवनं," ती म्हणाली. आणि थोडं हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

मग मला राहवेना. म्हटलं, आई, इतके दिवस केसांसाठी माझ्याशी बोलली नाहीस ना?

तिनं सूप बाजूला सरकवलं. "केसाले काय होते रे? केस वाढतेत. तू त्याईले उपाशी राहा काऊन म्हटलं?"

"रागात बोललो, आई. मोठेबाबा दंड धरून..."

"राग मले समजते. पन तुह्या बापाले वळखत नाही काय तू? रुसले का ताट तसंच राहे. कोनी कितीक समजावो, कबूल करो, भांडो, हात लावत नव्हते. मी जाऊन निस्तं म्हनो, जेवा. तवा जेवत." तिनं सूप पुन्हा पुढे ओढलं. "नदीवर बाया नेल्या नाही तुमी. सारे मानसं तिथी सौदे करून राह्यले होते. हे देतो, ते सोडतो. जेवा म्हनून कोनी म्हटलं काय त्याईले? मंग कसे जेवतीन?"

बाबा, एवढी माणसं होती तिथे, एवढं बोलत होती. एकानंही म्हटलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून आता माझं उत्तर. शालिकदादालाही हेच सांगेन आणि मोठेबाबांनाही.

केस मी काढणार नाही. आत्ता हातात काही काम नाही, काढले तर कोणाचं काही अडत नाही. म्हणूनच काढणार नाही. आता काढले तर दहाव्याला केलं ते चुकलं असा अर्थ होईल, आणि ते चुकलं नव्हतं. उद्या कोणी टकल्याची भूमिका दिली तर त्याच दिवशी शालिकदादासमोर जाऊन बसेन, त्यानं निर्धास्त राहावं. काम मी करत राहणार. मफलरवाला, नोकर, हवालदार, जे मिळेल ते. तुम्ही ज्यांना पहिल्या ओळीत बसवलंत त्यांच्यातलाच मी आहे, आणि मला त्याची लाज नाही. ज्याला वाटते त्यानं ती स्वतःजवळ ठेवावी.

बुधवारी पत्र्यावर पान मीच ठेवणार. आईनं कढीगोळे करायचे ठरवलेत, तुम्हाला लागतात तसे, झणझणीत. आई माझ्या शेजारी उभी राहणार आहे, तिनं तसं मोठेबाबांना कळवलंय. ते खाली अंगणात असतील. पुन्हा म्हणतील, सांग त्याले, सोडतो म्हन. म्हणू देत. मी माझ्या सगळ्या केसांनिशी हात जोडीन आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगीन, हा माझा शब्द आहे.

बाबा, मी सोडणार नाही. चला, जेवून घ्या.

केसांसकट तुमचाच,
गजू